चोविसावा चिंचोका

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे आणि मला राग आलेला आहे. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा फार गरीब स्वभावाच्या असतात. फुटकी छत्री असो की मोडकी खुर्ची, दोन पानं निमूट सोसते आणि शेवटी तुमचं कल्याण चिंतते. मीही चिंतीन. पण आधी थोडं भांडून घेऊ द्या.

मी चिनी मातीची. वरून काकवीच्या रंगाची, खालून दुधाळ, पोट सुटलेली, पाच किलोची. भट्टीत मला किती भाजलं ते सांगत नाही, कारण ती तक्रार आमच्या अख्ख्या जातीची आहे. गवतात गुंडाळून मला सोनाळ्याच्या बाजारात आणलं, तेव्हा तानाबाई नावाच्या एका बाईने माझ्या पोटावर बोटाने टिचक्या मारल्या. आवाज चांगला आला. तिने मला डोक्यावर घेतलं आणि आपल्या गावी आणलं. हे गाव सोनाळ्यापासून सातपुड्याच्या अंगाला आहे. गावाचं नाव सांगत नाही. पुढे जे घडलं ते गावाला शोभणारं नाही, आणि मला अजून तिथेच राहायचं आहे.

बावीस वर्षं मी आंब्याचं लोणचं सांभाळलं. एकदाही बुरशी येऊ दिली नाही. लग्नात, तेरवीत, बाळंतिणीला, सगळीकडे माझ्याच पोटातली फोड जायची. लोक बोटं चाटायचे आणि तानाबाईची तारीफ करायचे. बरणीची तारीफ कोणी करत नाही, त्याचं मला काही वाटत नाही. थोडं वाटतं.

मग घरात प्लास्टिकचे डबे आले. हलके, रंगीत, पडले तरी फुटत नाहीत. मित्रांनो, जे पडूनही फुटत नाही त्याला जपायचं तरी कशाला, हा विचार कोणी केला नाही. तानाबाई गेली. माझं झाकण फुटलं. मला माळ्यावर चढवलं आणि माझ्या पोटात गंजलेले खिळे, एक कडी आणि कोणत्या तरी निवडणुकीची पत्रकं कोंबली. उमेदवार पडला होता. मीही पडूनच होते. अशी बारा वर्षं गेली.

तानाबाईची सून म्हणजे सिंधूताई. अंगणवाडीत मदतनीस होत्या. तीस वर्षं त्यांनी तिथे झाडलं, शिजवलं आणि गावातल्या निम्म्या पुढाऱ्यांची नाकं पुसली. ते पुढारी तेव्हा लहान होते. निवृत्त झाल्यावर पहिल्याच भीमजयंतीला त्यांची लेक धम्मशीला पुण्याहून आली. ती बँकेत आहे. तिच्या मोबाईलमध्ये वर्षभरात किती पुस्तकं वाचायची ते ठरवून ठेवलेलं होतं. चोवीस. एक वाचून झालं की मोबाईलवर बोट लावायचं, मोबाईल आकडा वाढवतो. सिंधूताईंनी ते सगळं नीट समजून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग मी बी चोवीस."

लेक हसली. वाईट मनाने नाही हसली, पण हसली.

दुसऱ्या दिवशी सिंधूताई गावच्या वाचनालयात गेल्या. वाचनालयाला दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत पुरुष माणसं पेपर वाचतात आणि एकमेकांना वाचलेलं पुन्हा सांगतात. मागच्या खोलीत पुस्तकं आहेत. भगवंतराव एकोणीस वर्षं तिथले अध्यक्ष आहेत, आणि एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पुस्तक खराब झालेलं नाही. उघडलं तर खराब होणार ना.

बाई सभासद होऊ पाहते म्हटल्यावर त्यांनी रजिस्टर दाखवलं. महिला सभासद चौदा. एकही कधी आलेली नाही, आणि त्यांतल्या दोघी वारलेल्या. तुम्ही पंधरावं नाव लावून काय करणार, असं त्यांनी विचारलं. सिंधूताई म्हणाल्या, वर्षात चोवीस वाचीन. पेपरवाल्यांनी पेपर खाली केले. भगवंतरावांना असा प्रेक्षकवर्ग फार आवडतो. त्यांनी सगळ्यांदेखत अट घातली, की येत्या तेरा एप्रिलपर्यंत चोवीस झाली तर कार्ड कायमचं, आणि एक जरी कमी पडलं तर कार्ड परत. सिंधूताईंनी मान हलवली. मान हलवताना त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, मी तेव्हा माळ्यावर होते. पण घरी येऊन त्यांनी पहिली शिडी लावली ती माझ्यासाठी.

त्यांनी मला चिंच आणि राखेने घासलं. बारा वर्षांनी मी स्वतःचा रंग पाहिला. लेकीने मोबाईलात सोय करून देते म्हटलं होतं, पण सिंधूताईंचं म्हणणं असं, की त्या काचेवर आपलं बोट कुठेही लागतं. त्यापेक्षा एक पुस्तक झालं की बरणीत एक चिंचोका. चिंचोक्यांना आमच्याकडे काय तोटा? उन्हाळ्यात दारोदार बाया चिंच फोडत बसलेल्या असतात.

पण वाचून झालं, हे ठरवायचं कोणी? इथे अजीजुन्निसा आपा येतात. शेजारच्या. वय सत्तर. गोधड्या शिवतात. त्यांना कोणतीही लिपी वाचता येत नाही, पण ऐकण्यात त्यांचा हात धरणारा माणूस तालुक्यात नाही. पहिलं पुस्तक झालं तेव्हा सिंधूताई चिंचोका टाकायला निघाल्या, तर आपा म्हणाल्या, "थांब. काय वाचलं ते सांग पह्यले. सांगता आलं त वाचलं म्हणू."

तेव्हापासून तो नियमच झाला. संध्याकाळी सुईत दोरा ओवायला दिसेनासं झालं, की आपा आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायच्या. हाताला काम नसलं की त्यांना ऐकू येत नाही, असं त्या म्हणतात. म्हणून त्या एक चिंचोका घ्यायच्या आणि सिंधूताई गोष्ट सांगायला लागल्या की तो उंबऱ्याच्या दगडावर घासायच्या. पोरं खेळायला घासतात तसा. लहान पुस्तक असो की मोठं, गोष्ट संपेपर्यंत चिंचोक्याची एक बाजू पांढरी स्वच्छ व्हायची. मग आपा तो स्वतःच्या हाताने माझ्यात सोडायच्या. टण.

मित्रांनो, लोणच्याची फोड पडली की बरणीत आवाज होत नाही. तो टण मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

आपांची परीक्षा सोपी नव्हती. नववं पुस्तक मधमाश्यांवरचं होतं. सिंधूताईंनी ते पाच मिनिटांत सांगून टाकलं. आपांनी चिंचोका घासायचं थांबवलं आणि विचारलं, "रानी माशी मेल्यावर बाकीच्याईनं काय केलं?"

ती पानं सिंधूताईंनी न वाचताच उलटून टाकली होती.

आपांनी अर्धा घासलेला चिंचोका ओढणीच्या टोकाला बांधला आणि उठल्या. "वापस वाच. मंग बलाव मले."

दोन दिवस दोघी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी राणी माशी मेल्यावर काय होतं ते आपांना कळलं आणि मला नववा चिंचोका मिळाला.

तिकडे पुण्याला डिसेंबरात लेकीच्या मोबाईलवर अकरा झाली होती. तिने फोनवर सांगितलं, की तिने चोवीसचे बारा करून टाकले. मोबाईलात तसं करता येतं. बारावं झाल्यावर मोबाईलने तिचं अभिनंदन केलं आणि फुलंही उधळली. सिंधूताईंनी हे आपांना सांगितलं. आपा माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आपली बरणी लहान होत नाही काय?"

एप्रिल उजाडला. दहा तारखेपर्यंत माझ्यात तेवीस चिंचोके होते. चोविसावं पुस्तक म्हणजे एका नावाड्याची कादंबरी, चारशे बावीस पानांची. इतकं जाड, की आपांनी नियमात थोडी सूट दिली. अर्धं झालं की अर्धं सांगायचं. दहा तारखेच्या संध्याकाळी सिंधूताईंनी अर्धं सांगितलं. नाव पुराच्या मधोमध होती, वल्हं मोडलेलं होतं आणि नावाड्याची बायको काठावर उभी होती. तिथे त्या थांबल्या. आपांच्या हातातला चिंचोका अर्धा पांढरा झाला होता. तो त्यांनी ओढणीला बांधला. रात्री त्यांना झोप लागली नाही, असं त्या अजून सांगतात.

आता माझ्या रागाकडे येते.

अकरा तारखेला जिल्ह्याहून एक साहेब वाचनालय पाहायला येणार होते. वाचनालयाला 'ड' वर्गातून वरच्या 'क' वर्गात जायचं होतं, म्हणजे सरकारी अनुदान वाढतं. त्याच सकाळी भगवंतराव दोन सदस्यांना घेऊन आमच्या दारात आले आणि फार गोड बोलले. बरणी प्रदर्शनात ठेवतो म्हणाले. सिंधूताईंनी मला पुसून दिलं. खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटला. भरल्या बाजारात एकदा कोणी पोटावर टिचक्या मारल्या, त्यानंतर चारचौघांत जायची ही माझी पहिलीच वेळ.

वाचनालयात गेल्यावर भगवंतरावांनी माझ्यात डोकावून पाहिलं. वर्षभराच्या वाचनाने माझा तळसुद्धा झाकलेला नव्हता. हे साहेबांना कसं दाखवायचं, असं ते म्हणाले. मग चिंच फोडणाऱ्या बायांकडून चिंचोके पिशवी भरून आले. ते माझ्यात गळ्यापर्यंत ओतले. ग्रंथपाल वामनरावांना ते आधी मोजायला बसवलं होतं. ते पंचवीस वर्षं अर्धवेळ नोकरी करतात आणि सांगितलेलं काम करतात. चार हजार एकशे सतरा भरले. लगेच फलक रंगवला. महिला सभासदांनी वर्षभरात वाचलेली पुस्तकं, चार हजार एकशे सतरा. त्यात वारलेल्या दोघींचाही वाटा होता. वाचनालयात पुस्तकं आहेत नऊशे साठ, आणि एका कपाटाची किल्ली सापडत नाही.

मित्रांनो, माझ्या तळाशी ते तेवीस होते. मी एकेक ओळखत होते. त्यांच्या डोक्यावर हे चार हजार येऊन बसले, ज्यांनी एक ओळ ऐकली नव्हती, एक घासणी सोसली नव्हती. मला एवढं मोठं तोंड दिलं आहे आणि बोलता येत नाही. त्या दिवशी मला भट्टी आठवली. भट्टी थंड होती म्हणायची.

साहेब आले. हारतुरे झाले. साहेबांनी फलक वाचला, मला पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. साहेब टाळ्या वाजवत असताना हिशेब करत बसणं बरं दिसत नाही. सिंधूताईंना पुढे बोलावलं, तेव्हा त्यांनी मला पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. भगवंतराव त्यांच्या कानाशी लागले. मी टेबलावरच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"तुमचं कार्ड पक्कं झालं. वरून आजीव सभासद करतो. फक्त गप राहा."

चोविसावं पुस्तक पुरं न करताही कार्ड कायमचं होत होतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि तीस वर्षं मदतनीस राहिलेल्या बाईला गप्प राहायचा सराव असतो. मला वाटलं, झालं. आपण परत लोणच्याला गेलेलं बरं.

तेवढ्यात साहेबांनी सहज विचारलं, की यातलं तुम्हाला सगळ्यात आवडलेलं कोणतं?

सिंधूताई म्हणाल्या, "साहेब, यातले तेवीस माहे आहेत. चोविसावं अर्धं राह्यलं. बाकीचे कोनाचे आहेत ते मले माहीत नाही."

भगवंतराव मोठ्याने हसले. बाई थट्टा करतात म्हणाले. आणि चिंचोक्यासारखा चिंचोका, त्यावर तुमचं नाव लिहिलेलं आहे काय?

"लिह्यलेलंच आहे," असं म्हणत बायांच्या रांगेतून आपा उठल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे उठायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी पुढे येऊन मला दोन्ही हातांनी उचललं आणि टेबलावर पालथं केलं. तपकिरी चिंचोक्यांचा ढीग झाला. काही साहेबांच्या मांडीवर गेले. मग दोघी जणी त्या ढिगात बोटं घालून निवडायला लागल्या, तांदळातले खडे निवडतात तशा. फक्त इथे खडे होते चार हजार आणि तांदूळ तेवीस. एक बाजू पांढरी असलेला प्रत्येक चिंचोका आपांनी साहेबांसमोर ओळीत मांडला. आत साहेबांसाठी केलेलं जेवण थंड होत होतं.

साहेबांनी स्वतः मोजले. तेवीस. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. 'क' वर्गाचं प्रमाणपत्र आधीच छापून आणलेलं होतं, त्यामुळे ते भगवंतरावांना द्यावंच लागलं.

साहेबांची गाडी गेल्यावर भगवंतरावांनी सिंधूताईंना गाठलं. तेवीस हे तुम्हीच तुमच्या तोंडाने म्हणालात, अट चोवीसची होती. सिंधूताई म्हणाल्या, तेराला अजून दोन दिवस आहेत. ते म्हणाले, अध्यक्ष मी आहे. त्यांनी कार्ड घेतलं. माणूस पाठवून आमच्या घरातून नावाड्याचं पुस्तक उचलून आणलं आणि कपाटात घातलं. मला त्यांनी सिंधूताईंच्या हातात असं आदळलं, की माझ्या काठाचा टवका उडाला.

मित्रांनो, राग टवक्याचा नाही. बावीस वर्षं लोणचं सांभाळताना मला कोणी खोटं लोणचं भरलं नव्हतं. बरणी रिकामी असली तर रिकामी म्हणा. अर्धी असली तर अर्धी म्हणा. पण आपल्याला मोठं दिसायचं म्हणून दुसऱ्याचं पोट फुगवायचं, आणि जिने खरं मोजलं तिच्याच हातातलं पुस्तक काढून घ्यायचं, हे कोणत्या वर्गात बसतं? 'क' की 'ड'?

त्या रात्री सिंधूताईंनी ते तेवीस माझ्यात परत ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपा वाचनालयात गेल्या. मी घरी होते, पण हा प्रसंग आपांनी इतक्या वेळा सांगितला आहे, की मी तिथे होतेच असं समजा. त्यांनी वामनरावांना सांगितलं, मला सभासद करा. भगवंतराव पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली केला. तुम्हाला वाचता येत नाही, असं ते म्हणाले. वाचता आलं पाहिजे असं नियमात कुठे लिहिलं आहे, असं आपांनी विचारलं. वामनरावांनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा सगळे अकरा नियम मोठ्याने वाचले. कुठेच नव्हतं.

"बरं, पण वाचता येत नाही त पुस्तक नेऊन करसान काय?" भगवंतरावांनी विचारलं.

"तुमी एकोणीस वर्सं काय केलं? तेच करीन."

पेपरवाल्यांपैकी एकाला ठसका लागला. आपा वामनरावांकडे वळल्या. "भाऊ, ते नावाड्याचं पुस्तक द्या. मानूस पुरात अडकून पडला, रात्रभर मले झोप नाही. त्याले बाहेर काढा लागते."

वामनरावांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मग त्यांनी खाली मान घालून कार्ड लिहिलं, कपाट उघडलं आणि पुस्तक दिलं. सांगितल्याविना केलेलं त्यांचं हे पहिलंच काम.

बारा तारखेला सिंधूताईंनी चूल उशिरा पेटवली. तेरा तारखेला पेटवलीच नाही, आपांकडून डबा आला. संध्याकाळी उंबऱ्यावर दोघी बसल्या. आपांनी ओढणीची गाठ सोडली आणि तो अर्धा चिंचोका काढला. नावाडी पुरातून बाहेर आला, पण नाव गेली. त्याच्या बायकोने त्याला काय विचारलं ते सिंधूताईंनी दोनदा सांगितलं. आपांनी घासायचं थांबवलं नाही. परीक्षाही घेतली. एकच प्रश्न विचारला, मोडलेलं वल्हं कुठे सापडलं. सिंधूताईंनी पान नंबरासकट सांगितलं.

टण.

हे कोणत्याही रजिस्टरात नाही. सिंधूताईंचं कार्ड त्यांना अजून परत मिळालेलं नाही. आता दोघी मिळून आपांच्या एका कार्डावर वाचतात. वाचनालयाला 'क' वर्ग मिळाला. प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत भिंतीवर आहे, शेजारी चार हजार एकशे सतराचा फलक. ते तपकिरी चिंचोके कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत भाजून खाल्ले. लेक पुण्याहून आली, तेव्हा तिने माझ्यात हात घालून चोवीसही मोजले. मग आईला म्हणाली, यंदा मी माझी पुस्तकं आपांना फोनवर सांगीन. आतापर्यंत तिची दोन झाली आहेत. तिसरं आपांनी परत पाठवलं.

तर मित्रांनो, आता तुमच्या कल्याणाचं. तुमच्या घरात एखादी जुनी बरणी असेल तर तिला माळ्यावर टाकू नका. तिच्यात काहीही ठेवा, पण ठेवलं नसेल ते ठेवलं म्हणू नका. आणि वर्षाला किती वाचायचं ते खुशाल ठरवा. दोन ठरवा, चाळीस ठरवा. एखादं कमी पडलं तर कमी पडलं म्हणा, त्याने बरणीला कमीपणा येत नाही. पण कोणी आकडा सांगू लागला, तर त्याच्याजवळ एक चिंचोका घेऊन बसा, तो दगडावर घासायला लागा आणि म्हणा, सांग.

आपांनी वाचनाच्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी एक चिंचोका आमच्या उंबऱ्यावर बाजूला काढून ठेवला. कोणासाठी, असं सिंधूताईंनी विचारलं. आपा म्हणाल्या, भगवंतरावासाठी. एकोणीस वर्षांतलं एक पुस्तक येऊन सांगावं, कोणतंही, अगदी लहान असलं तरी चालेल. मी घासून देईन.

तो चिंचोका तिथेच आहे. भगवंतराव रोज त्याच रस्त्याने वाचनालयात जातात. चिंचोका अजून तपकिरीच आहे.